उसनं आणायचं नाही

बुधवारच्या शास्त्राभ्यासाला सिस्टरांचा एकच नियम होता. बायबलमध्ये प्रभूची कथा चौघांनी लिहिली आहे; त्या चार शुभवर्तमानांपैकी जे वाचायला घेतले असेल, त्यातच राहायचे. एखादी गोष्ट त्यात नसेल तर ती नाही असे धरून चालायचे. बाकीच्या तिघांत सापडते म्हणून तिथून आणून इथे बसवायची नाही. "वाटी घेऊन शेजारी जायचं नाही," असे त्या म्हणत. "घरात आहे तेवढ्यात भागवायचं. उसनं आणायचं नाही."

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. त्यांची सगळी नोकरी दवाखान्यांत गेली, त्यातला बराच काळ शस्त्रक्रियागृहात. गल्लीत आणि चर्चमध्ये त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. पुंडलिकनगरात त्यांचे तळमजल्याचे घर होते, पुढे पत्र्याची शेड. शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून अभ्यास चाले. एक परिच्छेद वाचायचा, थोडा वेळ गप्प बसायचे, मग प्रत्येकाने सांगायचे की या प्रसंगात आपण कुठे उभे आहोत. प्रवचन कुणी करायचे नाही. चर्चचे पाळक आले तरी त्यांनाही तेच.

मी शहरातल्या एका मराठी दैनिकात गुन्हे वार्ताहर आहे. सिस्टरांकडे जाऊ लागले तेव्हा माझी प्रार्थना बंद पडून बराच काळ झाला होता. शवविच्छेदनगृहाच्या दारातून निघून चर्चच्या बाकावर बसणे जमेनासे झाले होते. प्रार्थना येत नसेल तर नुसते वाच, असे सिस्टरांनी सांगितले. वाचायला विश्वास लागत नाही, चष्मा लागतो.

आम्ही चारांतले सर्वांत लहान शुभवर्तमान घेतले होते. ते माझ्या ओळखीच्या पद्धतीने लिहिलेले आहे. वाक्ये आखूड, घटना एकीला लागून दुसरी, विशेषणे जवळजवळ नाहीत. आणि त्यात मारहाण फार आहे. कबरींत राहणारा एक माणूस बेड्या तोडतो आणि दगडांनी स्वतःचे अंग ठेचतो. एका राजाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत कैद्याचे मुंडके ताटात घालून आणले जाते. लहानपणी रविवारच्या शाळेत हे सगळे रंगीत चित्रांसह ऐकले होते. तेव्हा त्यात रक्त दिसले नव्हते.

मुंडक्याचा परिच्छेद वाचला त्या बुधवारी सिस्टरांच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होते. न्हाणीघरात पाय घसरला, असे त्यांनी सांगितले. पडताना माणूस तळहात टेकतो. सूज मनगटाच्या वरच्या बाजूला, बँडेजच्या कडेला दिसत होती आणि तळहाताला खरचटलेही नव्हते. ते मला दिसले. विचारले नाही, कारण त्यांचा मुलगा आतल्या खोलीत होता आणि दार उघडे होते. मेजवानीत आपण कुठे आहोत हे प्रत्येकाने सांगितले. बहुतेक जण पाहुण्यांत बसले. सिस्टरांचा जावई म्हणाला की तो ताट उचलून आणणारा आहे, त्याला कुणी सांगितले तेवढे त्याने केले. सिस्टरांनी त्या दिवशी स्वतःची जागा सांगितली नाही.

जावई वाळूजला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. कमी बोलणारा, अंगाने किरकोळ, सुवाच्य अक्षरात वचने लिहून मशीनच्या खांबाला चिकटवणारा. मुलगा त्याच्यापेक्षा लहान. शिक्षण अर्ध्यावर सोडलेले, नोकऱ्या धरून सोडलेल्या, आणि हातात फोन. त्याच्या मित्रमंडळात वाढदिवसाला तलवारीने केक कापायची पद्धत होती. तो कापतानाचे चित्रीकरण करायचे आणि ते गाणे लावून टाकायचे. शहरात पोलीस अशा पोरांना उचलत होते, त्यांच्या बातम्या मीच देत होते. पण पद्धत काही बंद होत नव्हती.

त्याच्या वाढदिवशी गल्लीत मधोमध टेबल टाकले होते. टेबल पुरले नाही म्हणून काही केक मोटरसायकलींच्या सीटवर ठेवले होते. संध्याकाळची वेळ, दिवे लागलेले. जावई पहिली पाळी संपवून, थोडा आराम करून बायकोला न्यायला आला होता. ती माहेरी होती. त्याने तलवार पाहिली आणि मेहुण्याला ती आत ठेवायला सांगितले, कोपऱ्यावरून पोलिसांची गाडी जाते म्हणून. मेहुणा हसला. मित्रांपैकी कुणीतरी म्हणाले, "दाजी घाबरले, दाजींना केक चारा." जावयाने त्याचे मनगट धरले. मेहुण्याने हात झटकून सोडवला आणि तलवार आडवी फिरवली. पात्यावर क्रीम होते. पाते बोथट होते, त्यामुळे त्याने कापले कमी आणि फाडले जास्त. जावयाचा डावा कान मुळापासून निघाला. खांद्याचे हाड उघडे पडले. जावई टेबलावर पडला आणि टेबल त्याच्यासकट आडवे झाले. मेहुण्याने पुन्हा तलवार उचलली. मित्रांनी पाठीमागून धरले म्हणून दुसरा वार रस्त्यावर आपटला.

सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी आधी जावयाच्या खांद्यावर टॉवेल दाबून लेकीचा हात त्यावर ठेवला आणि दाबून धर म्हणाल्या. मग त्या गुडघ्यांवर बसून रस्त्यात कान शोधू लागल्या. पांढऱ्या क्रीममध्ये तो लवकर दिसेना. केकच्या खोक्याखाली सापडला. त्यांनी तो धुतला, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बर्फ मागितला. कोपऱ्यावरच्या चिकन सेंटरवाल्या चाचांनी बर्फाची पाटी आणून दिली. नंतर पोलिसांना त्यांनी सांगितले, "हम तो दुकान के अंदर थे. हमने सिर्फ बर्फ दिया." ते खरे होते. गल्लीतल्या बाकीच्यांनीही आपण केककडे बघत होतो असे सांगितले. मोबाइलमधली चित्रे त्याच संध्याकाळी पुसली गेली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी प्रयत्न केला. कडा इतक्या चिरडल्या होत्या की कान बसला नाही. सिस्टरांना ते पिशवी बांधतानाच कळले होते, असे त्या पुढे एकदा म्हणाल्या. तरी बर्फ मागितला, कारण हातांना तीच सवय होती.

बातमी मी दिली. कौटुंबिक वादातून मेहुण्याचा तलवारीने हल्ला, एक गंभीर. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. मुलगा दोन दिवसांत पकडला गेला आणि हर्सूलच्या कारागृहात गेला. जामीन फेटाळला गेला.

पुढच्या बुधवारी अभ्यास होईल असे कुणाला वाटले नव्हते. शेड उघडी होती, खुर्च्या मांडलेल्या होत्या. जखम बरी झाल्यावर जावईही येऊ लागला. डावी बाजू भिंतीकडे करून बसे. कारखान्यात त्याला सेफ्टी गॉगलची काडी अडकवायला एका बाजूला जागा उरली नव्हती, म्हणून त्याने गॉगलला इलॅस्टिक शिवून घेतले होते. कंपनीच्या बसमध्ये पोरे विचारत, "काय राव, बायकोनं चावला का?" तोही हसत असे. एकदा बसथांब्यावर मोटरसायकल येऊन थांबली. पाठीमागे बसलेल्याने हेल्मेटची काच वर करून शांतपणे विचारले, "दुसरा हाय ना अजून?" आणि गाडी गेली. हे त्याने आम्हाला बुधवारी सांगितले, परिच्छेदातली आपली जागा सांगावी तसे.

खटला उभा राहिला तेव्हा साक्षीदार म्हणून खरा तो एकटाच होता. त्याने नाव घेतले तर मेहुण्याला मोठी शिक्षा. त्याने दिसले नाही म्हटले तर पोरगा सुटणार. कोर्टाच्या भाषेत याला साक्षीदार फितूर होणे म्हणतात.

त्याने फितूर व्हावे असे वाटणारी माणसे वाईट नव्हती. सिस्टरांचे दीर, त्यांच्या दिवंगत नवऱ्याचे धाकटे भाऊ, पैठण रस्त्यावरच्या गावाहून एसटीने येत. चर्चच्या पंचांत होते. पुतण्यावर त्यांचा जीव होता. भाऊ गेल्यावर त्यांनीच त्याला शाळेत घातला होता. दर बुधवारी ते अभ्यासानंतर जावयाला बाजूला घेत. पाळकांचेही म्हणणे असे की समेट झाल्याशिवाय प्रभुभोजनाच्या भाकरीला आणि द्राक्षरसाला हात लावू नये, आणि जावई तर त्या दिवसापासून प्याल्यांचा ट्रे स्वतः न घेता पुढे सरकवत होता. लोकांनी त्याचा अर्थ त्याचे मन कठीण आहे असा लावला. सगळ्यांनी मिळून समेट करणे आणि साक्ष न देणे या दोन गोष्टी एकच करून टाकल्या होत्या. आमच्या मंडळीत ही चूक सहज होते. क्षमा शब्द आला की आम्ही लगेच डोळे मिटतो.

सिस्टर या विषयावर काही बोलत नव्हत्या. मुलाच्या भेटीला जात, डबा तसाच परत घेऊन येत, आणि बुधवारी पुढचा परिच्छेद वाचत. आम्ही प्रभूच्या बागेतल्या अटकेच्या जवळ येत होतो. पुढे कोणता प्रसंग येतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. कुणी त्याचे नाव काढत नव्हते. एका बुधवारी प्रार्थना चालू असताना शेडच्या पत्र्यावर दगड आदळला. प्रार्थना म्हणणारी बाई मध्येच थांबली, तिच्यामागून सगळे उठून आत पळाले. मीही.

तो परिच्छेद आला तो नेमका साक्षीच्या आधीच्या आठवड्यात. दीर आले होते, जावई आणि लेक होती, आणखी चारदोन जण. सिस्टरांनी स्वतः वाचले. तलवारी आणि सोटे घेतलेला जमाव येतो. त्यांना आणणारा शिष्य ठरलेली खूण म्हणून प्रभूचा मुका घेतो. धरपकड होते. जवळ उभा असलेला कुणी एक तलवार उपसतो आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान छाटतो. तिथे त्या थांबल्या. पुढचे पुढच्या वेळी, म्हणाल्या.

मग सिस्टरांच्या मैत्रिणीने, ज्या कधी नियम मोडत नसत, हळूच म्हटले की प्रभूने कान पुन्हा लावला होता, ते तरी म्हणू द्यावे. त्यांचा हेतू सगळ्यांना समजला. त्या गल्लीत त्या घराला सर्वांत जास्त गरज त्याच एका ओळीची होती.

"ते इथं नाही," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, पण झालं तर होतं ना तसं."

"दुसऱ्यानं लिहिलंय. ह्यानं नाही लिहिलं. ह्याच्या घरात कान खालीच पडलाय. मी उसना आणणार नाही."

लेकीने तोंडावर ओढणी धरली. जावई भिंतीकडे पाहत होता.

तेव्हा दीर बोलले. ते चिडले नव्हते. ते बरेच दिवस तयारी करून आले होते असे त्यांच्या आवाजावरून वाटले. उसनं आणायचं नाय तर नाय, ते म्हणाले, मग पुरतंच नको. या शुभवर्तमानात तलवार चालवणाऱ्याचं नाव तरी कुठं हाय? दुसरीकडं हाय, इथं नाय. जवळ उभा असलेला कुणी एक, एवढंच. लिहिणाऱ्याला का ठाऊक नव्हतं? लई चांगलं ठाऊक होतं. तरी झाकलं, कारण शिष्यांतला, आपला माणूस होता. प्रभूनंबी इथं त्याला रागावल्याची ओळ नाय. मग ते जावयाकडे वळले.

"जावईबापू, तुमीबी तेवढंच म्हणा. गर्दी व्हती, कुणी एकानं मारलं. खोटं नाय त्यात काय. शास्त्राबाहेर नाय."

मी आयुष्यात पुष्कळ वकिलांचे युक्तिवाद ऐकले आहेत. इतका चोख युक्तिवाद क्वचित ऐकला. नियम सिस्टरांचा होता आणि तो त्यांच्याच दारात त्यांच्या मुलाच्या बाजूने उभा करण्यात आला होता. त्यांनी फक्त मान हलवायची होती. त्यांनी मान हलवली असती तर जावई बोलला नसता, हे शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होते. सासूचा शब्द त्याने कधी मोडला नव्हता.

सिस्टरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"नाव लिहिणाऱ्यानं झाकलं, भाऊजी. ते खरं आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "पण लिहिणाऱ्याचा कान शाबूत होता. ज्याचा गेला, त्याला या आख्ख्या पुस्तकात कुणी काही विचारलं नाही. ओरडला का, घरी कसा गेला, कुणी मारलं, काही नाही. ह्यांना आता कोर्टात विचारणार आहेत."

दीर म्हणाले, पोरगा तुमचा हाय, वहिनी.

"व्हय. म्हणूनच." त्या क्वचितच असे बोलत, गावाकडची बोली त्यांनी नोकरीत मागे टाकली होती. "मला यात वेगळंच दिसतंय. तलवार नुसती धरायला आलेल्यांकडंच नव्हती. प्रभूच्या पंगतीतून आत्ता जेवून उठलेल्यांतल्या एकाकडं होती. मग जेवताना ती कुठं होती? कुणी बघितली नाही? मांडीला लागली नसेल शेजारच्याच्या?"

त्यांनी घराकडे हात केला.

"आपल्याकडं माळ्यावर होती. कुरियरनं आली तेव्हा पडद्याचा रॉड असेल म्हणून मीच सही करून घेतली. उघडल्यावर कळलं. काढून घ्यायला गेले, त्यानं तलवारीच्या मुठीनं मनगटावर मारलं. मग तो बाहेर गेल्यावर मी ती जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि खाली बसून तुम्हाला मुंडक्याचा परिच्छेद वाचून दाखवला. पोलिसांना मी हे सांगितलेलं नाही. कोर्टात सांगणार आहे."

मग त्या जावयाकडे वळल्या. तो त्यांच्या समोरच बसला होता, पण त्या उठून त्याच्या उजव्या बाजूला गेल्या, जिकडे कान होता.

"जावईबापू, जे दिसलं ते सांगा. माझ्याकडं बघू नका."

दीरांनी पिशवी उचलली. शेवटच्या एसटीला वेळ होता, तरी ते निघाले. फाटकापाशी थांबून ते म्हणाले की पोराला तुरुंगात आईनं घातलं असं आता गावात सांगावं लागेल. सिस्टरांनी त्यांना चहासाठी थांबायला सांगितले. ते थांबले नाहीत.

सत्र न्यायालयात जावयाची साक्ष झाली तेव्हा मी पत्रकारांच्या बाकावर नव्हते. कुटुंबाच्या ओळखीची म्हणून ती बातमी मी सहकाऱ्याकडे दिली होती. मागे बसले होते. सरकारी वकिलांनी हल्लेखोर इथे आहे का विचारले. जावयाने हात वर करून दाखवले आणि नाव घेतले. उलटतपासणीत बचावाच्या वकिलांनी उजेडाबद्दल विचारले, गर्दीबद्दल विचारले, मग चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "तुम्ही ख्रिस्ती आहात ना? तुमच्या धर्मात क्षमा सांगितली आहे. तुम्ही केली नाही का?"

"करणं चालू आहे, साहेब," जावई म्हणाला. "पण कापला त्यानंच."

कोर्टात कुणीतरी हसले. न्यायाधीशांनी वर पाहिले आणि हसू थांबले.

सिस्टरांची साक्ष थोडक्यात झाली. तलवार घरात होती, कुठे होती, कशात गुंडाळली होती, मनगटाला काय झाले होते. त्या दवाखान्यात पाळी बदलताना रुग्णाची माहिती द्यावी तशा बोलल्या. सांगताना त्या माळ्यापर्यंत आल्या तेव्हा मुलाने समोरच्या लाकडी कठड्याला लाथ मारली. फळी निखळली. तो ओरडला की ही माझी आई नाही. दोन पोलिसांनी त्याला मागून धरले. त्याने एकाच्या हाताला चावा घेतला, आणि बाहेर नेताना झटापटीत त्याचे कपाळ चौकटीवर आपटले. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरले. सिस्टर साक्षीच्या जागेवरून खाली उतरल्या होत्या आणि हातातला रुमाल घडी करत त्याच्याकडे निघाल्या होत्या. महिला पोलिसाने त्यांना खांद्याला धरून थांबवले. त्यांनी लांबूनच सांगितले, "दाबून धरा. पुसू नका, दाबून धरा." पोलिसाने ऐकले की नाही ते दिसले नाही.

निकाल नंतर लागला, शिक्षा झाली. हर्सूलच्या फाटकावर सिस्टर भेटीला जातात. सुरुवातीला तो बाहेर यायला नकार देई. आता येतो, जाळीपलीकडे उभा राहतो आणि बोलत नाही. भुवईवर टाक्यांचा व्रण आहे. टाके नीट घातलेले नाहीत, असे त्यांचे मत आहे.

साक्षीनंतरच्या बुधवारी खुर्च्या नेहमीइतक्याच मांडल्या होत्या. पुष्कळ रिकाम्या राहिल्या. दीर आले नाहीत, पाळकांनी निरोप पाठवला, काही घरांनी निरोपही पाठवला नाही. लेक आली होती. भावाबद्दल आणि नवऱ्याबद्दल ती त्या काळात आमच्यासमोर एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी तिने पाणी आणून ठेवले आणि आईच्या शेजारी बसली.

सिस्टरांनी थांबलो होतो तिथून उघडले. त्यापुढच्या ओळींत सगळे प्रभूला सोडून पळून जातात. त्यातल्या एका तरुणाच्या अंगावर फक्त एक तागाचा कपडा असतो. कपडा धरणाऱ्यांच्या हातात राहतो आणि तरुण उघडाच पळतो.

त्या हे वाचत असताना पत्र्यावर दगड आला. मागच्यापेक्षा मोठा असावा. पत्रा आत वाकला आणि धूळ पुस्तकावर पडली. पाठोपाठ दुसरा आला आणि बाहेर काच फुटल्याचा आवाज झाला. मी उठण्यासाठी खुर्चीचे हात धरले होते, पण या वेळी आत कुणी पळाले नाही. जावई उठून बाहेर गेला. मोटरसायकल भरधाव निघून गेल्याचे ऐकू आले. तो परत आला आणि म्हणाला की त्याच्या गाडीचा आरसा फुटला आहे, डावीकडचा. मग खुर्ची ओढून पुन्हा बसला.

सिस्टरांनी पानावरची धूळ हाताने झाडली आणि ओळ पहिल्यापासून वाचली.